लग्नातले पाहुणे उठवताना

१९७८ साल. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काम करत होतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीचा पेपर न देता. पण कादंबरी लिहिली होती. पूर्ण, स्वतःच्या हाताने. नागपूरच्या एका लहानशा प्रकाशकाने ती ठेवूनही घेतली होती. छापतो म्हणाला, फक्त आधी त्याच्या संपादक बाईंच्या हाताखालून गेली पाहिजे.

बाई नागपुरातच, प्रताप नगरात राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या. मला वाटलं, लाल पेनने चुका काढतील आणि मोकळं करतील. पण बाईंची तऱ्हा वेगळी. त्या स्वतः वाचतच नसत. मी सुट्टीच्या दिवशी बसने जायचं, व्हरांड्यात बसून एक प्रकरण मोठ्याने वाचायचं आणि त्या तुरीच्या शेंगा सोलत ऐकायच्या. हळूहळू माझ्या ध्यानात आलं. गोष्ट रंगली की त्यांची बोटं थांबतात, शेंग तशीच हातात राहते. कंटाळल्या की सोल्यांचा, सोललेल्या दाण्यांचा, ढीग वाढतो. मग मी कागदाकडे कमी आणि त्यांच्या बोटांकडे जास्त पाहू लागलो.

सुरुवातीची प्रकरणं बरी गेली. घोडं अडलं ते लग्नात. कादंबरीतला गडी घरच्यांशी भांडून कोळशावर कामाला येतो आणि आपल्या पसंतीच्या पोरीशी लग्न लावतो, असं ते प्रकरण. माझं वाचून संपलं तेव्हा अख्खी टोपली सोलून झाली होती.

"किती माणसं बोलावलीत हो या लग्नाला?"

"लग्न आहे बाई. माणसं तर येतीलच."

"येऊन करतात काय?"

"जेवतात."

"आणि पुढे?"

"पुढे आपापल्या घरी जातात."

"मग घरीच राहू द्या त्यांना. वाचणाऱ्याला वाटेल, आपल्याला वाढपी म्हणून बोलावलंय."

मला राग आला. ती माणसं कुठून आली ते बाईंना काय माहीत? मी प्रत्येक प्रकरण आधी कॉलनीत, कडुलिंबाखालच्या ओट्यावर वाचून दाखवत होतो. लग्न वाचलं त्या संध्याकाळी शेजारी म्हणाला, "आमाले नाही बोलावलं काय गा?" म्हणून त्याला घातलं. नाव बदललं, मिशी तीच ठेवली. मग फिटर आला, वॉचमन आला, बायकोच्या माहेरचे आले. आमच्याकडे लग्नात एकाला विचारलं आणि दुसऱ्याला विसरलं तर वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. कागदावरचं लग्न म्हणून काही सूट मिळत नाही. नागपूरच्या नंदनवन वस्तीतले भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांना तर मी पहिल्या पंगतीत बसवलं, टोपी-शेला दिला. ते गल्लीभर सांगत फिरत होते, "साळ्यानं पुस्तकात घातलं आपल्याले." अशा माणसाला पंगतीतून उठवायचं कसं? बहिणीला त्यांच्याच घरी राहायचं होतं.

मी थोडंथोडं बदलून नेऊ लागलो.

"बदललं?"

"बदललं."

"काय?"

"जिलबी काढली. बुंदी घातली."

बाई हसल्याही नाहीत. "वाचा पुन्हा."

हिवाळा असाच चालला. मला चैन पडत नव्हती. पट्ट्यावरचा कोळसा पाहून वाटायचं, हा तरी पुढे सरकतो. घरी आलो की अंगणात फेऱ्या. चहा ओठाला लावून ठेवून द्यायचा. सायकलची चेन उगाच काढायची, पुन्हा चढवायची. बायको म्हणायची, "अजी, काहून कोंबड्यावानी फिरून राहिले? बसा ना एका जागी." बसायचो, आणि उठायचो.

शेवटी एका सुट्टीला मी बाईंसमोर गठ्ठा ठेवला. "आहे तसं छापा, नाहीतर परत द्या."

त्यांनी गठ्ठ्याला नीट दोरी बांधली आणि माझ्याच हातात दिला. "न्या. हे लग्न आवरलंत की घेऊन या. पुस्तक चांगलं आहे, म्हणूनच मला घाई नाही."

चांगलं म्हणाल्या, तेही परत देताना! बसमध्ये जागा होती, तरी मी उभाच आलो. दुसरा प्रकाशक पाहावा, नाहीतर सगळं चुलीत घालावं, असं काय काय डोक्यात येत होतं.

घरी बायको भाकरी थापत होती. ती ओट्यावर कधी ऐकायला यायची नाही. मी तिथंच तिच्यापाशी बसलो आणि रागारागाने ते लग्न वाचलं. भाकरी उलटवत ती ऐकत होती. मग म्हणाली, "समद्याइचं जेवण झालं. नवरी कुठी आहे?"

"आहे ना वं. मांडवात."

"मांडवात तं नंदनवनचे जवाई बसून राहिले टोपी घालून. नवरीले जागाच कुठी ठेवली तुम्ही?"

मी पानं मागे-पुढे केली. नवरी एका ओळीत होती. जिच्यासाठी गडी घर सोडून आला, तिचं तोंडसुद्धा मी कोणाला दाखवलं नव्हतं. सारा वेळ पाहुण्यांच्या मानपानात गेला होता.

जेवलो आणि पेन्सिल घेतली. शेजारी गेला, मिशीसकट. फिटर गेला, वॉचमन गेला, माहेरचे गेले. भाऊजींच्या शेल्यापाशी हात अडला. उठलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो. मग रेघ मारली. मोकळ्या झालेल्या मांडवात नवरी आली, आणि ती काय बोलते ते मी पहिल्यांदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि पहिल्या बसने निघून नंदनवन गाठलं. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. भाऊजी अंगणात दात घासत होते.

"भाऊजी, तुमाले पुस्तकातून काढलं."

"काढलं? मले?"

"हो."

"अन् शेला?"

"शेलाबी."

आतून बहीण ओरडली, "बरं झालं बापा! गल्लीचे कान किटले होते."

भाऊजींनी चूळ भरली, माझ्याकडे पाठ केली आणि घरात गेले. बहिणीने बाहेर येऊन चहाचा कप माझ्या हातात दिला. "आता होळीपर्यंत बोलत नाही हा माणूस. माह्यं मी पाहून घेईन. तू जाय."

मी उभ्याउभ्याच चहा संपवला, गठ्ठा काखेत मारला आणि प्रताप नगरकडे पायीच निघालो. बस यायचीच होती, पण स्टॉपवर उभं राहवेना.