क्ष, ज्ञ आणि हलकी लायब्ररी

माझ्या एका पत्रकानं कडेगावजवळच्या एका गावातल्या वाचनालयात दोन दिवस घबराट उडवली होती. "जुनं मशीन फेकू नका! हलकी लायब्ररी निवडा!" असं मी ठळक टायपात छापलं होतं. साताऱ्यात आम्ही चार-पाच जण जुने कॉम्प्युटर भंगारात जाऊ नयेत म्हणून भांडतो, त्यातलंच ते पत्रक. वाचनालयातल्या कॉम्प्युटरला सांगलीच्या एका दुकानदारानं "हे मेलंय, नवीन घ्या" असं सांगितलं होतं. मेलंय म्हणे! पंखा फिरतोय, पडदा उजळतोय, आणि मेलंय?

मी पोचले तेव्हा वाचनालय सांभाळणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, जाड भिंगाचा चष्मा.

"किती पुस्तकं कमी करायची म्हणतीस?" त्यांनी विचारलं.

आत पेपर वाचत बसलेले एक माजी फौजी काका पेपराआडून म्हणाले, "आवं बाई, हलकीच करायची तर आधी कादंबऱ्यांची कपाटं काढा. लय वजन हाय."

मला हसू आवरेना. मग समजावलं. मशीनमधला प्रत्येक प्रोग्रॅम बारीकसारीक कामांसाठी एका सामायिक पेटीपुढं हात पसरतो. फाईल उघडायची, अक्षरं मोजायची, शब्द ओळीनं लावायचे. त्या पेटीला सी लायब्ररी म्हणतात. लिनक्स या मोफत प्रणालीवर एक जड मिळते, सगळा बारदाना घेऊन येणारी, आणि एक हलकी, नेमकं तेवढंच ठेवणारी. पाचशे बारा एमबी मेमरीच्या त्या जिवाला हलकीच झेपणार होती. निवडताना मी दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही. हलकं ते चांगलं, हे माझ्या पत्रकातच होतं ना!

मशीन झटक्यात सुरू झालं. बाईंनी मशीनवर हात ठेवला. "गरम बी होईना की गं," म्हणाल्या. त्यांचा तो हात बघून मला वाटलं, आपण जिंकलो.

दोन महिन्यांनी सहज गेले. एक शेतकरी क्षारपड जमिनीवरचं पुस्तक मागत होता. कपाटांतली पुस्तकं नंबरानं लावलेली. नंबर कळायचा मशीनमधल्या अक्षरवार यादीतून. बाईंना टाईप करायचा कंटाळा, त्या बाणाचं बटण दाबून यादीत खाली खाली जात. आताही थेट तळाशी गेल्या आणि थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"गेलं असंल कुणीतरी घेऊन," त्या माणसाला हळूच म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी खणातून एक शाळकरी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. मी मागून वाकून पाहिलं. वर सुंदर वळणदार अक्षरात मथळा होता : 'मला न आठवणारी पुस्तकं'.

"हे काय, बाई?"

"काय न्हाई गं." वही मिटता मिटता त्यांचा हात थांबला. "माझी थोरली बहीण औंधला असायची. शेवटी शेवटी तिला यमाईच्या देवळाची वाट सापडंना, पोटची लेक ओळखू येईना. तिचं बी असंच सुरू झालं होतं. ठेवल्या जागी वस्तू सापडायची न्हाई." मग आवाज आणखी उतरवून, "कुणाला सांगू नगंस. कळलं तर कमिटीवाले किल्ली काढून घेतील."

नेहमीच्या जागी बसलेल्या काकांनी पेपर आणखी वर ओढला.

मी वही मागून घेतली. बारा नावं होती. क्षारपड जमीन. क्षयरोग आणि आहार. ज्ञानवर्धक कोडी. क्षितिजापलीकडे. मी पुन्हा वरून खाली वाचलं आणि माझे कान तापले. बाराच्या बारा क्ष आणि ज्ञनं सुरू होणारी.

मराठीचा क्रम आपण पहिलीत शिकतो : ह, ळ, क्ष, ज्ञ, आणि संपलं. जड लायब्ररीत तो लिहिलेला असतो. हलकीत नसतो, ती फक्त अक्षरांचे नंबर बघते. तिच्या लेखी क्ष म्हणजे पाय मोडलेला क, त्याला ष जोडलेला. म्हणून क्ष गेला होता क्रिकेटच्या मागं, खच्या पुढं. ओझं कमी करायचं म्हटलं की पहिली आपली भाषा टाकतात, यावर मी एक जळजळीत पत्रक लिहू शकले असते. पण इथं टाकणारी मी होते. दोन महिने ही बाई रोज थोडी थोडी भीत होती, ती माझ्यामुळं.

"बाई, तुम्ही काहीच विसरला नाहीत. मशीनला बाराखडी येत नाही. आणि ते मशीन मी बसवलं."

यादी वर सरकवून मी दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवत एकेक नाव वाचलं.

"म्हंजे ज्ञ घातला जच्या पोटात?"

"हो."

"माझ्या वर्गात असतीस तर छडी खाल्ली असतीस."

आधी मी जड लायब्ररी घालून पाहिली. मशीन धापा टाकायला लागलं. मग हलकीच ठेवली आणि यादीच्या प्रोग्रॅमला अक्षरांचा क्रम वेगळा लिहून द्यायचं ठरवलं. बाई सांगतील तो. त्या खुर्चीत ताठ बसल्या, पेन्सिलीनं टेबलावर ठेका धरला आणि वर्गातल्या आवाजात सुरू झाल्या. चवर्गापासून काकांनीही सूर मिळवला. मी टाईप करत राहिले. लनंतर माझं बोट आपसूक ळकडं गेलं.

"थांब की! ळ हच्या मागनं. घाई कशाला करतीस?"

काम झाल्यावर बाईंनी बाण दाबला. यादी तळाला गेली. क्षारपड जमीन तिथंच होती, जिथं असायला हवी तिथं. बाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे टिपले आणि वही घेऊन उठल्या. एकेक नंबर बघायचा, कपाटातून पुस्तक काढायचं, वहीतलं नाव खोडायचं. अकरा नावं खोडून झाली. बाराव्याला कपाटात नुसती फट होती.

बाईंनी त्या फटीत बोट घालून पाहिलं.

"हे मातूर मी विसरल्याली न्हाई," त्या पेपराकडं बघत म्हणाल्या. "कोड्याचं पुस्तक कुणाच्या घरी हाय, चांगलं ठाऊक हाय मला."

पेपर हळूहळू खाली आला.

"उद्या आणतो की, बाई," काका म्हणाले. "दोनच कोडी ऱ्हायल्यात."