मिल रो गल्लीतले गुलाबी आकडे

अँब्युलन्सचा भोंगा डिम्पना मकॅटीरला स्वयंपाकघरात नीट ऐकू येत होता. जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. तिचा नवरा यूनन फरशीवर आडवा पडला होता, अर्धं तोंड खाली ओघळलेलं. फोनवरची मुलगी शांतपणे विचारत होती, "गल्लीच्या नावाची पाटी कुठे आहे हो? ड्रायव्हरला दिसत नाहीये."

"पाटी नाहीच आहे."

"बरं, घर नंबर एकोणतीस ना? दारावर लिहिलाय?"

मिल रो या त्यांच्या गल्लीत कुणाच्याच दारावर काही लिहिलेलं नव्हतं.

शेवटी हातात भांडी पुसायचं फडकं घेऊन ती चढावरून वर धावत सुटली. पहिल्या घराच्या कोपऱ्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. अँब्युलन्स भलत्याच फाट्यात शिरून दारं शोधत होती.

यूनन वाचला. पण उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. ज्याचा आवाज गुरांचा लिलाव पुकारताना अख्ख्या बाजाराला ऐकू जायचा, तो आता "चहा" म्हणायला घामाघूम व्हायचा. डॉक्टर म्हणाल्या, "असा झटका पुन्हा येऊ शकतो. त्या वेळी मात्र उशीर नको."

"नाही होणार," डिम्पना म्हणाली. त्या दिवसापासून ती हट्टाला पेटली.

आता ही पाटी गेली कुठे? मिल रोच्या वरच्या टोकाला ब्रिटिश राज्य मानणारे प्रॉटेस्टंट, खालच्या टोकाला स्वतःला आयरिश म्हणवणारे कॅथलिक. कौन्सिलने दोन भाषांतली पाटी लावली; त्यातलं आयरिश नाव बघून वरच्यांनी ती करवतीने कापली. मग नुसती इंग्रजी लावली. तिच्यावर खालच्यांनी डांबर ओतलं. कौन्सिलने हात झटकले.

दारावरचे आकडे त्याच्याही आधी गेले होते. दंगलींच्या काळात सरकारी सैनिक पहाटे खालच्यांची दारं फोडायला यायचे. त्यांना घर सापडू नये म्हणून खालच्यांनी आकड्यांवर रंग फासला. वरच्यांत पोलीस होते, अर्धवेळ सैनिक होते. त्यांच्या शोधात खालच्यांच्या बाजूचे बंदूकवाले यायचे, म्हणून त्यांनी पितळी आकडे स्क्रू काढून उतरवले. मिल रोच्या इतिहासातली ही एकमेव एकी, आणि तीही एकमेकांना न सांगता झालेली. बंदुका थंडावून कैक वर्षं झाली. आकडे काही परत आले नाहीत. पोस्टमन सगळ्यांना तोंडाने ओळखायचा, मग कुणाचं अडतंय?

डिम्पना कौन्सिलच्या कचेरीत गेली. वरच्यांचा नगरसेवक म्हणाला, "आयरिश अक्षर दिसता कामा नये." खालच्यांचा म्हणाला, "आयरिश नसेल तर पाटीच नको."

"मग बसा भांडत," डिम्पना पर्स उचलत म्हणाली. "आणि माणसांनी मरायचं कुठल्या भाषेत, तेही एकदा ठरवून टाका."

पाटी गेली खड्ड्यात. आकड्यांना तरी भाषा नसते ना? आकडे सगळ्यांच्या भिंतींवर काढायचे, मोठे, रस्त्यावरून दिसतील असे. तिने खालच्यांच्या मॅलकीला आणि वरच्यांच्या रोबर्टाला आपल्या दारासमोर बोलावलं. मॅलकी गवंडी, त्याच्या शब्दाबाहेर खालचं कुणी नव्हतं. रोबर्टा वरच्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती.

"हिरवा रंग आहे माझ्याकडे," मॅलकी म्हणाला.

"आयरिश हिरवा? माझ्या भिंतीवर?" रोबर्टा कडाडली. "माझा बाप थडग्यातून उठून येईल!"

"येऊ दे की. नंबर नसल्यामुळे चुकून माझ्याच घरी येईल, चहा पाजीन."

"निळा घ्या मग," रोबर्टा म्हणाली.

"म्हणजे तुमचा झेंडाच लावा ना सरळ! काळा?"

"काळे झेंडे कुणी मिरवले होते, विसरले नाही मी."

"पिवळा?" डिम्पनाने विचारलं.

"पोपच्या झेंड्याचा!" रोबर्टा म्हणाली.

"जांभळा?"

"यांच्या मिरवणुकीतले पट्टे!" मॅलकी म्हणाला. "पांढरा घ्या बुवा, शांततेचा."

"भिंती पांढऱ्याच आहेत रे, शहाण्या."

डिम्पना तरातरा घरात गेली आणि न्हाणीघर रंगवून उरलेला डबा घेऊन आली. झाकण उचकटलं. गुलाबी. स्वस्तातल्या केकवर असतो तसला.

दोघं वाकून बघत राहिले.

"काय घाणेरडा रंग आहे," रोबर्टा म्हणाली.

"ओकारी येईल," मॅलकी म्हणाला.

"झालं ना दोघांचं एकमत?" डिम्पनाने ब्रश बुडवला. "या रंगासाठी आजवर कुणी जीव दिलेला नाही आणि घेतलेलाही नाही. हाच."

दारात खुर्चीवर बसलेल्या यूननने डावी मूठ खुर्चीच्या हातावर दाणकन आपटली. बोली संपली, माल विकला गेला.

मग ती दारोदार फिरली. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी म्हणालं, "तुमचे लोक आधी माफी मागू देत." ती म्हणायची, "मागतील हो. तोवर भिंत तरी द्या, डब्यातला रंग वाळतोय." रोबर्टाने वरच्यांना दमात घेतलं, मॅलकीने खालच्यांना शिडी दिली. उरलं एकच घर. तेच कोपऱ्यावरचं, जिथे ड्रायव्हरला ठरवावं लागतं की कुठे वळायचं.

वेस्ली क्लेलंड. जुना अर्धवेळ सैनिक. अजूनही सकाळी गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय चावी फिरवत नसे.

"नाही," त्याने फटीतूनच सांगितलं.

"मिस्टर क्लेलंड, नुसता एक आकडा."

"माझ्या भावाच्या दारावरही नुसता आकडाच होता, मिसेस मकॅटीर. तो वाचून आले आणि बेल वाजवली. तुमच्यातलेच होते."

डिम्पनाचा ब्रश खाली आला. "मी परत येईन," एवढंच म्हणाली. आली. पुन्हा आली. दर वेळी दार तेवढंच उघडायचं.

वसंत सरता सरता यूननचा चमचा हातातून पडला. तोंड पुन्हा ओघळलं. डिम्पनाने फोन लावला, पत्ता सांगितला, "भिंतीवर गुलाबी एकोणतीस" म्हणाली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. भोंगा वाजत आला. कोपऱ्यावर मंदावला.

भोंगा सरळ खाली आला.

गाडीबरोबर आलेली परिचारिका स्ट्रेचर आत घेताना म्हणाली, "वर एक आजोबा सपाता घालून भर रस्त्यात उभे होते. गाडीखालीच आले असते. ओरडत होते, 'इकडे! एकोणतीस! तो भिकार गुलाबी रंग बघा!'"

या वेळी औषध वेळेत पोचलं. यूनन चालत घरी आला, काठी टेकत का होईना.

दुसऱ्याच सकाळी डिम्पना डबा घेऊन चढावर. वेस्लीने दार पहिल्यांदाच पूर्ण उघडलं.

"आभार मानायला आली असशील तर नको," तो म्हणाला. "मागच्या वेळी गाडी चुकीची वळताना पडद्याआडून बघत होतो मी. बाहेर आलो नाही."

"माहीत आहे. पडदा हलताना दिसला होता मला."

"आणि तरी इतक्या वेळा आलीस?"

"आकडा राहिलाय ना. त्या दिवशी तुम्ही रस्त्यात उभे राहिलात, ठीक. उद्या तुम्हीच आत आडवे पडलात, तर कोपऱ्यावर कोण उभं राहणार?"

वेस्लीने रस्त्याकडे पाहिलं, वर आणि खाली, सवयीने. मग हात पुढे केला. "आण तो ब्रश. तुझे आकडे वाकडे असतात."

फाटकाच्या खांबाशी वाकून, बराच वेळ लावून त्याने आपल्या घराचा एकचा आकडा काढला. काडेपेटीत मावेल एवढा.

डिम्पना कमरेवर हात ठेवून बघत होती.

"मोठा," ती म्हणाली. "ड्रायव्हरला दिसायला हवा वेस्ली, मुंगीला नाही."