कोरून काढलेली सारजा

इंदापूरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले रमाकांत मास्तर एकदा मनात आलं की ऐकायचे नाहीत. जपानमधल्या एका जुन्या हमरस्त्यावरच्या मुक्कामांची, लाकडी ठशांनी छापलेली चित्रं एका विद्यार्थ्यानं त्यांना पोस्टकार्डांवर पाठवली. झालं, आपला बारामती-इंदापूर रस्ताही असाच कोरायचा, असं मास्तरांनी ठरवून टाकलं.

पहिला मुक्काम निमगाव केतकी. तिथं वडाखाली सारजाची चहाची टपरी होती. मास्तर आठ दिवस समोर बसून एकच रेखाटन घोटत होते आणि सारजा त्यांना फुकट चहा पाजत होती. तिची अट एवढीच, की चित्रात ती पाहिजे. मास्तरांनी शब्द दिला.

कागद फळीवर चिकटवून त्यावरूनच कोरायचं असतं, म्हणजे रेखाटन फळीबरोबर संपतं. जे कोरून काढाल ते छापताना पांढरं राहतं, उरलेलं शाई घेऊन काळं उमटतं. शेगडीपाशी उभी, तोंडभर हसणारी सारजा फळीवर छान उतरली होती. पण मास्तरांना ते हसू खुपायला लागलं. जपानी चित्रं कशी शांत, आणि ही बया थेट आपल्याकडे बघून दात काढतेय! त्यांनी पटाशी घेतली आणि तिला काढून टाकलं.

वडाचं सगळ्यांनी कौतुक केलं. सारजानं छापलेला कागद बराच वेळ बघितला.

“झाड झ्याक आलंय, मास्तर,” एवढं म्हणून ती गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढं रस्ता रुंद झाला, वड गेला, टपरी गेली. यंदा सारजाही गेली. तेराव्यानंतर तिची लेक फुलाबाई मास्तरांच्या दारात आली. “मोबाईलमधी समदे आजारपणातले फोटू हायती. आई सांगायची, मास्तरांच्या चित्रात मी हाय. त्येवढं द्या, भिंतीला लावते.”

मास्तरांना खरं सांगवेना; नवं छापून देतो, म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पोस्टकार्डं पुन्हा काढली. जिथं जिथं चहाचं दुकान होतं, तिथं चहा देणारी बाई होतीच. इतकी वर्षं त्यांनी नुसती झाडं न् डोंगर पाहिले होते, याची त्यांना लाज वाटली.

मोहनराव सुतारानं फळीतल्या खड्ड्यात नवा तुकडा बेमालूम बसवून दिला. पण वडाची फांदी न् फांदी आठवणाऱ्या मास्तरांना सारजाचा चेहरा काही केल्या आठवेना. तुकडा न कोरताच राहिला. छापलं की शेगडीमागं बाईएवढा काळा ठोकळा उमटतो.

फुलाबाई दर बाजाराला विचारते, झालं का. मास्तर म्हणतात, होतंय.