उंबऱ्याबाहेरची भाषा

आमच्या घरात शिरताना चपला आणि गुजराती, दोन्ही दाराबाहेर काढून ठेवायचा नियम होता. नियम ह्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा. रावपुऱ्याच्या घरात होतो तेव्हाही तोच, आणि गोत्रीला मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो तरी तोच. बाजार गुजरातीत, कचेरी गुजरातीत, शेजारपाजार गुजरातीत, मग चार भिंतींत तरी मराठी राहू दे, असं त्यांचं म्हणणं. नात लहानपणी शाळेतून येऊन "आबा, मने भूख लागी" म्हणाली की हे पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "कोण आलंय गं? आपल्या ओळखीचं दिसत नाही." पोर हसत बाहेर जायची, बेल वाजवायची आणि पुन्हा आत येऊन मराठीत भुकेली व्हायची.

ह्यांची नोकरी जमिनीच्या दफ्तरात. दिवसभर उतारे, नोंदी आणि बांधावरून भांडणारे भाऊ. पण बोलणं असं गोड की खेड्यावरची माणसं सुट्टीच्या दिवशी घर शोधत यायची. त्यांच्याशी सगळं बोलणं बाहेर ओट्यावर. "आवो, बेसो. शुं काम हतुं?" मी आतून पाणी पाठवायचे. माणूस गेला की हे उंबरा ओलांडून आत यायचे आणि पहिला शब्द "अगं". मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. अगं म्हणजे मी.

मी साताऱ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचं जे काही वाचलं ते वाचनालयातून आणून, डाळ शिजेपर्यंतच्या वेळात. गुजराती शिकले ती शाकवालीकडून. त्यामुळे माझ्या गुजरातीत घासाघीस करता येते, रुसता येत नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी हे दात घासता घासता बेसिनपाशीच खाली बसले. दवाखाना झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही म्हणाले. घरी आल्यावर हात हळूहळू वर जायला लागला, पाय घासत का होईना पडायला लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. "ते... ते..." एवढंच यायचं, आणि पुढचं काही आलं नाही की डोळ्यांतून पाणी. समजत सगळं होतं हो! नातीचे क्लास किती वाजता, सुनेला सुट्टी कधी, सगळं. पण पंखा लावायचा की बंद करायचा एवढं सांगताना जीव अर्धा व्हायचा. एकदा मी चहा ठेवला तर कप भिरकावला. त्यांना पाणी हवं होतं. साध्या पाण्यासाठी माणसाला कप फेकावा लागतो, हे बघून मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासत बसले.

तेव्हापासून घरात एकच गोष्ट होती, ह्यांना बोलता येणार की नाही.

आमच्याच सोसायटीच्या मागे वाचा-उपचार करणारी एक गुजराती मुलगी होती. फार चांगली म्हणून सगळ्यांनी सांगितलं. आम्ही नको म्हटलं. बाबांना मराठीच हवं! मुलानं चार ओळखी काढल्या आणि पार छाणीकडून एक मराठी बाई मिळवल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आणखी कुठली भाषा बोलायचे का?" मुलगा छाती काढून म्हणाला, "आमच्या घरात फक्त मराठी." मीही मान हलवली. खोटं थोडंच होतं?

बाई चित्रं दाखवायच्या. कप, चप्पल, छत्री. "हे काय आहे, सांगा बरं काका." हे चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे, मग मान भिंतीकडे. काही महिन्यांनी तर बाईंची बेल वाजली की डोळे मिटून घ्यायला लागले. शेवटी बाईच म्हणाल्या, थोडे दिवस थांबू या. थांबलो. आणि मग घराची रीतच बदलली. आम्ही ह्यांच्याशी बोलायचं सोडून ह्यांच्याबद्दल बोलायला लागलो, त्यांच्या डोक्यावरून. "जेवले का?" "झोप लागली का?" ते समोर बसलेले असायचे.

आता नातीचं सांगते. ती अकरावीला, सायन्सला. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेचे क्लास लावलेले, त्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. तिनं फोनवर कुठूनतरी एक शाळकरी मुलांसाठीचा वर्ग शोधून काढला. मेंदूचा अभ्यास, दर रविवारी सकाळी, ऑनलाइन, फी काही नाही. त्याच विषयात संशोधन करणारी मुलं-मुलीच शिकवणार.

"फुकट?" माझ्या मुलाचं पहिलं वाक्य. "फुकट कोण शिकवतं आजकाल? उद्या फी मागतील, नाहीतर तुझा नंबर कुणाला तरी विकतील."

"पप्पा, त्यांना शिकवायला आवडतं म्हणून शिकवतात."

"त्यांना आवडतं. त्यांचं भागलंय. तुझी परीक्षा ते देणार आहेत का?"

मी मध्ये तोंड घातलं, "अरे, मी आख्खं वाचनालय जवळपास फुकटच वाचलं की."

"आई, तुला कुठे परीक्षा द्यायची होती?"

लागलं मला. शेवटी ठरलं की क्लासच्या चाचणीत एकदा जरी मार्क घसरले तर रविवारचा वर्ग बंद.

ती माझ्या खोलीत बसायची, कारण हॉलमध्ये टीव्ही. मी शेजारी शेंगा सोलत, भाजी निवडत. शिकवणारे हिंदी-इंग्रजीत बोलायचे, निम्मं मला कळायचं, निम्मं ती सांगायची. एकदा त्यांनी फ्लॉवरचा गड्डा घेऊन यायला सांगितलं. दिसण्याचा भाग कुठला, ऐकण्याचा कुठला, हलण्याचा कुठला, ते हळदीच्या, कुंकवाच्या पाण्यानं रंगवायचं. मी म्हटलं, "बाई, कुंकू नको, बिटाचं पाणी घे. संध्याकाळी मला त्याची भाजी करायचीय." सून म्हणाली, "आई, आज मेंदू खायचा का आपण?" फार दिवसांनी घर हसलं. ह्यांनीही ओठ मुडपून हसल्यासारखं केलं.

मला नातीचं नवल वाटायचं. परदेशातल्या विद्यापीठांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, हे तिनंच दाखवलं. वैद्यकीय कॉलेजात मुलांना आत सोडतात त्या दिवशी जाऊन खरा मेंदू बघून आली. "आजी, आपल्या लोणच्याच्या बरणीएवढी बरणी, आणि त्यात तो असा गप्प बसलेला." गप्प म्हणताना तिनं गॅलरीतल्या आजोबांकडे पाहिलं. मग मला कळलं, ही मुलगी हा वर्ग कशासाठी करतेय ते.

एका रविवारी विषय होता भाषा. मी मटार सोलत होते. शिकवणारी मुलगी सांगत होती की दोन भाषा येणाऱ्या माणसाला असा झटका आला की बहुतेकदा दोन्ही सारख्याच जातात, पण काहींची एक जास्त जाते, एक कमी. कधी कधी तर आईची भाषा अडकते आणि नंतर शिकलेली, रोजच्या कामातली, वाट काढून बाहेर येते. नातीनं माझा हात धरला. मटार सगळे जमिनीवर.

"आजी, आबा ऑफिसात कशात बोलायचे?"

तिला ते माहीत होतंच.

तिनं वर्गात हात वर केला. आजोबांचं सगळं सांगितलं. ती मुलगी फार सांभाळून बोलली. म्हणाली, मी डॉक्टर नाही, तूही नाहीस, तेव्हा उपचार म्हणून काही करू नकोस, हे त्यांच्या वाचा-उपचारवाल्या बाईंच्या कानावर घाल. मग तिनं विचारलं, "घरात कुणी त्यांच्याशी सहज गुजराती बोललंय का?"

मी जमिनीवरचे मटार वेचायला लागले.

जेवताना तिनं विषय काढला आणि मुलगा भडकला. "बाबा म्हणजे काय शाळेतला बेडूक आहे? रविवारी शिकायचं आणि दुपारी त्यांच्यावर करून बघायचं?"

"बोलणंच तर आहे, पप्पा!"

"नाही आलं तर? परत रडतील. तू सावरणार? बंद तो वर्ग. आजपासून बंद."

तो रागावला होता, पण मला त्याच्या आवाजात भीतीच जास्त ऐकू आली. भीती मलाही होती. मराठी गेली होती, तरी गुजराती अजून कुणी उघडून पाहिली नव्हती, एवढी एक आशा होती. ती उघडली आणि रिकामी निघाली तर पुढे काय? आणि दुसरं म्हणजे, त्यांच्यासमोर, त्यांच्याच घरात, त्यांचा नियम मोडायचा? माणूस बोलू शकत नाही म्हणून त्याचं म्हणणं पुसून टाकायचं?

नात ताटावरून उठली. मला वाटलं, खोलीत जाऊन रडेल. पण ती गॅलरीत गेली, आजोबांना हात देऊन उठवलं आणि हळूहळू चालवत दाराबाहेर घेऊन गेली. लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत एक खुर्ची ठेवली आणि त्यांना बसवलं. मला म्हणाली, "आजी, घरात नाही बोलत. बाहेर बोलते."

मुलगा उठायला लागला. मी म्हटलं, "बस खाली." कधी नव्हे तो माझा आवाज चढला. तो बसला नाही, पण पुढेही आला नाही.

नात ओढणी डोक्यावरून घेऊन ह्यांच्यासमोर जरा वाकून उभी राहिली, ती खेड्यावरची माणसं उभी राहायची तशी. मीच तिला ते सारं कधीतरी सांगितलेलं.

"केम छो, साहेब? सात-बारनो उतारो जोईए छे."

हे तिच्याकडे बघत राहिले. लिफ्ट खाली गेली, वर आली. मग त्यांची पाठ खुर्चीत सरळ झाली. डावा हात उचलून त्यांनी समोरची जागा दाखवली.

"आवो... आवो. बेसो."

मी दाराची चौकट धरली.

"अरजी," ते म्हणाले. थांबले. घाम आला होता. "अरजी लाव्या छो?" अर्ज आणलाय का, विचारत होते.

"नथी लावी, साहेब," नात म्हणाली आणि रडायलाच लागली.

"तो... लई आवो ने!"

काय सांगू तुम्हाला! मुलगा दारातच खाली बसला, मोठा माणूस, पायपुसण्यावर. सून पदरानं डोळे पुसतेय. समोरच्या फ्लॅटमधल्या काकी दार उघडून "शुं थयुं, शुं थयुं" करत बाहेर आल्या, आणि ह्यांनी त्यांनाही "आवो, बेसो" म्हटलं. मी पाण्याचा पेला आणायला आत पळाले. सवयच ती, बाहेर कुणी आलं की आतून पाणी पाठवायचं. पेला त्यांच्या हातात दिला. ते प्यायले. मला पेला परत देत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख होती, पुरेपूर ओळख होती डोळ्यांत. ओठ दोनदा हलले. आणि म्हणाले, "आभार, बेन."

बेन. कचेरीत येणाऱ्या सगळ्या बायकांना ते तसंच म्हणायचे. त्यांच्या गुजरातीत बायकोसाठी शब्दच नव्हता. कशाला असेल? बायकोशी ते कधी त्या भाषेत बोललेच नव्हते. म्हटल्याबरोबर त्यांनाही कळलं. चेहरा असा पडला, की मीच घाईघाईनं म्हटलं, "कंई वांधो नहीं, साहेब." नात हसली. मीही हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलानंच सोसायटीच्या मागच्या त्या गुजराती मुलीला फोन केला. ती येते आता. गुजरातीत बरंच येतं, तुटक, अडखळत, पण येतं. पाणी येतं, पंखा येतो, "नथी जोईतुं", म्हणजे नको, हे तर फारच स्पष्ट येतं. ती दोन्ही भाषांत बोला म्हणते. मराठी येईलही, नाहीही. छाणीच्या बाईंना कळवलं तर त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं हो." खरंच, विचारलं होतं त्यांनी.

नातीच्या वर्गाबद्दल पुढे कुणी काही बोललं नाही. पुढच्या चाचणीत तिचे मार्क घसरले. मुलानं ते तिच्या फोनवर पाहिले, फोन तिला परत दिला, आणि रविवारी तिचा वर्ग सुरू झाल्यावर हॉलमधला टीव्ही बंद करून पेपर वाचत बसला. पण चाचण्या अजून आहेत, आणि त्याच्या कपाळावरची आठी मी रोज बघते. तिला काय व्हायचंय ते तिला कळलंय. त्याला ते कळलंय की नाही, मला सांगता येत नाही.

तिनं वर्गात माझ्यासाठी एक प्रश्न विचारला होता. बाकीच्या शब्दांचं राहू दे, एखादाच शब्द, आयुष्यभर वापरलेला, तो परत येतो का? ती मुलगी म्हणाली, कधी येतो, कधी येत नाही, खात्रीनं सांगता येत नाही. फुकट शिकवते, पण खोटं सांगत नाही, एवढं मात्र खरं.

खुर्ची आता आत आणलीय. उंबऱ्याच्या आत गुजराती सुरू झाली. पहिल्या दिवशी ह्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मान खाली घातली. मी माझ्या बाजारातल्या गुजरातीत बोलते. दुपारी चहा ठेवू का म्हणून विचारते, "चा मूकुं?"

"मूको, बेन."

मी उठते. स्वयंपाकघराच्या दारापाशी जरा थांबते, त्यांच्याकडे पाठ करून. पूर्वी इथपर्यंत आले की मागून हाक यायची, "अगं, साखर कमी." तेवढा वेळ थांबते. मग आत जाऊन गॅस पेटवते, आणि साखर कमीच घालते.