बापूशेटची लॉरी आणि कोंडाबाईचा दावा

वकिलाच्या कारकुनाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवताच्या माळावरून चालत गेलं की धोतराला कुसळं लागतात ना, तसे ते लागतात. मग म्हातारपणी ओसरीवर बसून एकेक उपटत राहायचं. मी वडगावच्या कोर्टात तात्यासाहेब वकिलांकडे जन्मभर कारकुनी केली, त्यामुळे माझं धोतर भरलेलंच आहे.

मंडळी म्हणतात, एखादा खुनाचा खटला सांगा. खुनात काय ठेवलंय हो? खून करणारा निदान मान तरी खाली घालतो. माणसाचा खरा निर्लज्जपणा बघायचा असेल तर मोटारीच्या अपघाताचा दावा बघावा. गाडी ज्याची, तो सोडून बाकी सगळ्या जगाचा दोष असतो. म्हणून मी नेहमी बापूशेटची लॉरीच सांगतो.

* * *

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. लोणावळ्याच्या बापूशेटच्या तीन लॉऱ्या मुंबई-पुणे रस्त्यावर माल वाहायच्या. त्यातली एक वलवणजवळच्या उतारावर भरदिवसा कोंडाबाईला मागून धडकली.

कोंडाबाई वलवणची विधवा. गवत कापायचं, भारा डोक्यावर घेऊन लोणावळ्यात टांगेवाल्यांना विकायचा, हा तिचा धंदा. इस्पितळात तिचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. आता एका हातानं गवत धरायचं की विळा धरायचा?

दावा जिंकला तर ती इतर बायांकडून गवत घेऊन स्वतःच्या दारात लहानशी वखार घालणार होती. हरली तर इंदुरीला भावाकडे जाऊन राहणार. भावजयीनं आधीच निरोप धाडला होता, की यायचं तर या, पण गोठ्यात निजावं लागेल.

तर दावा कुणावर लावायचा, यावर लोणावळ्यात स्टेशनजवळच्या हॉटेलात कायदेपंडितांची सभा भरली. एक पेन्शनर मास्तर म्हणाले, "रस्ता सरकारचा. सरकारवर लावा." बंगल्यांची दलाली करणारा एक जण म्हणाला, "छे, लॉरी बनवली त्या विलायतेच्या कंपनीला नोटीस द्या. साहेब घाबरतो कागदाला." कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या एका महाभागानं तर कमालच केली. तो म्हणाला, "खुद्द लॉरीवरच दावा लावा. जहाजावर लावतात, मी वाचलंय."

कोंडाबाई दाराशी माझ्याशेजारी उभी राहून ऐकत होती. तिनं मला विचारलं, "भाऊ, त्या लॉरीला पिंजऱ्यात उबी करनार व्हय? मंग तिला बोलता तरी येतं का, आदी इचारून घ्या की."

तात्यासाहेबांनी मात्र एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. ड्रायव्हरवर दावा लावून काय मिळणार, त्याच्या अंगातला सदरासुद्धा शेटनं दिलेला. नोकरानं मालकाचं काम करताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो. दावा बापूशेटवर लावायचा. तात्यासाहेबांचं शहाणपण तिथं संपलं, हे मला पुढं कळलं.

* * *

त्याआधी फौजदारी झाली. झाली म्हणजे काय, तिचं वाटोळं झालं.

हवालदार जागेवर पोचेपर्यंत लॉरी माल घेऊन पुण्याला पसार. आता गाडीशिवाय पंचनामा कसा करायचा? हवालदार मोठे कल्पक. त्यांनी वाटेनं चाललेली एक बैलगाडी थांबवली आणि लॉरीच्या जागी उभी केली. पंच म्हणून बापूशेटचेच दोन हमाल धरले. मग टेप लावून मोजमाप सुरू झालं.

बाईचा गवताचा भारा रस्त्याच्या अगदी कडेला, डांबराच्या बाहेर पडला होता. ती कडेनं चालत होती याला तेवढाच एक पुरावा. हवालदार मोजण्यात गुंग, हमाल विडी ओढण्यात गुंग, आणि बैलांनी इकडं सगळा भारा खाऊन टाकला. पंचनाम्यात शेवटी लिहिलं, "घटनास्थळी गवत आढळले नाही."

ड्रायव्हर सुटला. एवढ्यावर थांबेल तो बापूशेट कसला! आठवड्याभरात त्यानंच कोंडाबाईला नोटीस पाठवली, की तुझ्या विळ्यानं माझ्या लॉरीचा दिवा फुटला, तो भरून दे. ही नोटीस मी बाईला वाचून दाखवली तेव्हा मला वाचताना लाज वाटली, लिहिणाऱ्याला वाटली नसावी.

* * *

मग आम्ही दिवाणी दावा लावला आणि बापूशेटला एकदम माया आली. दिवाळीत ऐन भाऊबीजेला तो कोंडाबाईच्या दारात हजर. सोबत गावातले म्हातारे आबा, हातात लुगडं आणि नारळ. त्या दिवशी मी समन्सच्या कामानं वलवणलाच होतो, म्हणून हे नाटक फुकटात बघायला मिळालं.

आबा म्हणाले, "कोंडे, शेट तुजा भाऊ हून आलाय. त्येला ओवाळ. आजपास्नं बहीण-भाऊ झाला तुमी. मंग बहिणीनं भावाला कोर्टात वडायचं आसतंय का?"

युक्ती नामी होती, हे मान्य केलं पाहिजे. आपल्याकडं भाऊबीजेला दारात आलेल्या भावाला कोणती बाई परत पाठवील? बापूशेट पाटावर मांडी घालून बसलासुद्धा. डोक्यावरची टोपी नीट केली. आया-बाया गोळा झाल्या.

कोंडाबाईनं ताम्हण आणलं, निरांजन लावलं, सगळं डाव्या हातानं. मग ते ताम्हण त्याच्यापुढं जमिनीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "शेट, ताम्हन दोन हातांनी धरून ओवाळायची रीत हाय. माजा येक हात तुमच्या लॉरीखाली ऱ्हायलाय. तेवडा आनून द्या, मंग ओवाळते. तवर बसा निवांत."

बापूशेट थोडा वेळ खरंच बसला, कारण उठावं कसं हेच त्याला सुचेना. आबाच पहिले उठले. लुगडं शेटनं परत नेलं, यावरून मायेची खोली सगळ्यांना कळली.

* * *

माया चालली नाही, तेव्हा कायदा आला. बापूशेटनं पुण्याहून वकील आणला. पंपशू, घड्याळाची साखळी, बोलण्यात दर वाक्याला एक इंग्रजी शब्द. त्यांनी लेखी कैफियत दिली, की ड्रायव्हर सदू हा त्या दिवशी मालकाच्या परवानगीशिवाय, स्वतःच्या खाजगी कामासाठी लॉरी घेऊन गेला होता. सबब मालकाची जबाबदारी नाही. सदूलाही तसंच पढवलं होतं. नोकरी टिकवायची म्हणून तो बिचारा मान हलवत होता.

पण लॉरीत पुढच्या सीटवर बापूशेटची सासू बसली होती! जावयानं तिला तळेगावपर्यंत सोडायला सदूला सांगितलं होतं. आता सदू स्वतःच्या खाजगी कामाला निघाला असं म्हटलं, तर शेजारी बसलेल्या सासूबाईंचं काय?

हा प्रश्न पुण्याच्या वकिलांना पडला नाही, सासूबाईंना पडला. तारखेच्या दिवशी त्या न बोलावता वडगावला आल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात, अशील, साक्षीदार, पट्टेवाले, सगळ्यांच्या देखत त्यांनी जावयाला गाठलं.

"जावईबापू, मी काय सदूबरोबर पळून चालले होते काय? तुम्हीच ना मला हाताला धरून गाडीत चढवलंत? आता या वयात माझी अब्रू का घालवता?"

पुण्याच्या वकिलांनी ते कलम त्याच दिवशी काढून टाकलं. सासूबाईंना घरी पोचवायला सदूचीच लॉरी निघाली, तेव्हा त्या आपणहून मागं पोत्यांवर जाऊन बसल्या.

* * *

आता आमच्या बाजूची अक्कलही सांगितली पाहिजे, नाहीतर म्हणाल कारकून एकतर्फी बोलतो.

तात्यासाहेब जन्मात कधी मोटारीत बसले नव्हते. त्यांना मोटारीत मळमळेल अशी खात्री होती. सदूची उलटतपासणी आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही अंगठे कोटात अडकवले आणि गरजले, "खरं सांग! ब्रेक कुठल्या हातानं दाबलास?"

सदू म्हणाला, "पायानं."

सगळं कोर्ट हसलं. सबजज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. तात्यासाहेब गोरेमोरे झाले आणि पुढचे सगळे प्रश्न विसरले. तेवढ्यात सदूनं पढवलेलं सगळं बोलून घेतलं. "साहेब, इंजिन नुसतं गर्जत होतं. पार कार्ल्यापर्यंत आवाज जात आसंल. बाईनं ऐकलं न्हाई, त्येला मी काय करू?"

बापूशेटची सगळी भिस्त आता या गर्जनेवर होती. एवढा आवाज होता, तर बाई बाजूला का झाली नाही? कोंडाबाई पहिल्या दिवसापासून सांगत होती, की मला आवाज आलाच नाही. पण तिच्या शब्दाला साक्षीदार कोण? सासूबाईंचा तर गाडीत बसल्याबसल्याच डोळा लागला होता. मी तात्यासाहेबांकडं बघितलं, तर ते ब्रेकच्याच विचारात होते.

* * *

दुसऱ्या तारखेला कोंडाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. पुण्याचे वकील हळूच तिच्या पाठीमागं गेले आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात पुटपुटले, "बाई, तुमचा पदर अडकलाय."

तिनं वळून पदर बघितला. "कुटं अडकलाय? उगं काय बी काय सांगताय?"

वकिलांनी विजयी मुद्रेनं साहेबांकडं पाहिलं. "नोट करावं, मिलॉर्ड. बाईचे कान उत्तम आहेत. म्हणजे लॉरीचा आवाज तिनं ऐकला होता. ऐकूनही ती बाजूला झाली नाही. म्हणजे पैशाच्या लोभानं ती आपण होऊन गाडीखाली आली."

बघा, काय पण डोकं! कान खराब निघाले असते तर बहिरीनं रस्त्यावर यावंच का, असं म्हणायला ते मोकळे. कान चांगले निघाले तर बाई लोभी. वकिलीची सनद घेताना अक्कल बाहेर ठेवून जावी लागते की काय, मला कधी कळलं नाही.

कोंडाबाई पिंजऱ्यातून उतरून माझ्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा काळवंडला होता. "भाऊ," ती म्हणाली, "हात गेला त्येचं येवडं वाटलं न्हाई. पन मी पैशापायी गाडीखाली गेले, आसं लिवतील का वो?" त्या दिवशी बाईनं इंदुरीला भावाकडं निरोप धाडला, की गोठा झाडून ठेवा.

* * *

शेवटची साक्ष बापूशेटची. अंगात नवा कोट, कपाळाला गंध. वकिलांनी त्याला घोटून घोटून शिकवलं होतं, विचारतील तेवढंच सांगायचं. तो तसाच बोलला. गाडी चांगली, ड्रायव्हर जुना, ब्रेक ठीक. तात्यासाहेबांनी उलटतपासणीला हात जोडले, प्रश्न नाहीत म्हणाले. ब्रेकच्या प्रकरणापासून त्यांनी मोटारीचा धसकाच घेतला होता. झालं, सगळं आटोपलं.

बापूशेट उतरू लागला, तेवढ्यात सबजज्जसाहेबांनी सहज विचारलं, "काय हो शेट, पेट्रोलची एवढी टंचाई. आमची मोटार तर महिन्यातले पंधरा दिवस दारात उभी असते. तुमच्या तीन-तीन लॉऱ्या चालतात तरी कशा?"

साहेबांनी आपल्याला धंद्यातलं विचारावं, तेही भर कोर्टात! बापूशेटची छाती फुगली. तो पुन्हा पिंजऱ्यात चढला. पुण्याचे वकील अर्धे उठून खोकले, पण त्याचं लक्षच नव्हतं.

"त्याला अक्कल लागते, साहेब," तो म्हणाला. "दुसरे लोक गाडी चालवतात, आम्ही सोडतो. लोणावळं सुटून वलवणचा उतार लागला रे लागला, की आमचं इंजिन बंद. तसा आपला हुकूमच आहे. जो ड्रायव्हर उताराला इंजिन चालू ठेवील, त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतो. थेंबभर पेट्रोल जळत नाही. गाडी अशी गुपचूप उतरते, साहेब, शेजारून गेली तरी माणसाला पत्ता लागत नाही."

साहेबांची लेखणी थांबली. "अगदी आवाजच येत नाही म्हणता?"

"खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा." बापूशेटनं सगळ्या कोर्टावरून नजर फिरवली आणि बोट थेट आमच्या बाकाकडं केलं. "या बाईलाच विचारा की. काय गं कोंडाबाई, तुला तरी आला होता का आवाज?"

कोंडाबाई उठून उभी राहिली. पदर सावरला.

"न्हाई, शेट," ती म्हणाली. "कायबी न्हाई आला."