पुष्पाबाईंचा डावा हात

पुष्पाबाई डावखुऱ्या. लहानपणी आईनं उलथण्यानं मारून मारून उजव्या हातानं जेवायला शिकवलं, तेवढं त्या शिकल्या. बाकी सगळं डाव्या हातानं चालायचं. म्हशीची धार, विळा, दोरीची गाठ, आणि मारणंसुद्धा. नांदुरा तालुक्यातल्या त्यांच्या गावात हा हात सगळ्यांना ठाऊक होता. नवरा लवकर गेला. बारा एकर काळी जमीन आणि एकुलता भागवत त्यांनी एकटीनं सांभाळला, आणि ते करताना कुणाशी गोड बोलायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

भागवतची बायको वंदना मोताळ्याकडची. तिला पहिली थप्पड बसली ती लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात, दूध उतू गेलं म्हणून. शेवटची चार वर्षांपूर्वी, वेचणीला आलेल्या दहा बायांसमोर, कापसात कचरा राहिला म्हणून. त्या दिवशी वंदनानं ओटीतला कापूस शेताच्या धुऱ्यावर ओतला, पायी घरी आली आणि सासूशी बोलणं सोडलं. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, बोलायची नाही. सांगायचंच झालं तर भागवतकडे पाहून सांगायची. भागवत दोघींच्या मधे कधी पडला नाही. घरात असून नसल्यासारखं राहणं त्याला चांगलं जमत होतं.

अशात एका सकाळी पुष्पाबाई धार काढता काढता गोठ्यात कलंडल्या. म्हैस ओरडली म्हणून वंदना धावली. सासूचं तोंड उजवीकडे ओढलेलं, डावं अंग लुळं. लकवा हे तिनं पाहताक्षणी ओळखलं. शेजाऱ्याची बोलेरो तिनंच बोलावली, गाडीत डोकं मांडीवर तिनंच धरलं. अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून पुष्पाबाई घरी आल्या तेव्हा जीभ जड झाली होती पण चालत होती. पाय काठीच्या आधारानं ओढत टाकता येत होता. डावा हात मात्र छातीशी दुमडून बसला होता, मूठ गच्च. बोटं दुसऱ्या हातानं सोडवावी लागत, सोडली की परत आवळत.

आता त्यांना आंघोळ वंदनाच घालू लागली. लुगडं तीच नेसवायची, वेणी तीच घालायची.

"हळू ना वं! मले का खरकटा गंज समजली का घासाले?"

वंदना पाणी ओतत राही.

दोन महिन्यांनी भागवतनं कुठूनतरी ऐकलं की बुलढाण्याला एका सेंटरमधे लकव्याच्या हातासाठी मशीन आलं आहे. तिघं मिळून शेजाऱ्याच्या बोलेरोतून राजूरचा घाट चढून गेले. तिथली फिजिओथेरपिस्ट समता सव्वीस-सत्तावीस वर्षांची, चष्मा लावलेली, घाईत बोलणारी. तिनं टेबलावर पाकिटाएवढी एक डबी आणि एक छोटी स्क्रीन मांडली.

"काकू, हे पॅड हातावर लावते. तुम्ही बोटं उघडायचा जोर लावला की आत स्नायूत बारीक हालचाल होते. आपल्याले दिसत नाही, याले दिसते. स्क्रीनवरची रेघ या खुनेपर्यंत चढली की मशीन करंट सोडते अन् बोटं उघडते. तुम्ही जोर नाही लावला तर हे काही करत नाही."

"आडनाव काय तुझं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"वानखडे."

"कोन्ते वानखडे?"

"बौद्ध," समता म्हणाली. "ठेवा हात टेबलावर."

पुष्पाबाईंनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घेतला. "दुसरं कोनी नाही का इथं?"

"नाही. मी एकटीच हाये. घाट उतरून जायचं असन तर भागवतभाऊ गाडी घेऊन येतीन."

भागवत फरशीकडे पाहत राहिला. शेवटी पुष्पाबाईंनी हात उचलून टेबलावर ठेवला. पॅड चिकटवून घेताना त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. रेघ दोनदा अर्ध्यातून पडली. तिसऱ्यांदा खुणेला टेकली, हात थरथरला आणि दोन महिन्यांची मूठ पाकळ्यांसारखी नाही, गंजलेल्या बिजागरीसारखी अडखळत उघडली. पुष्पाबाई आपल्याच तळव्याकडे बघत राहिल्या.

मशीन घरी न्यायला मिळालं. सकाळ-संध्याकाळ, दर वेळी साठदा. करंट किती ठेवायचा ते समतानं कागदावर लिहून दिलं: चौदा. भागवत म्हणाला, मी लावत जाईन. चार दिवस तो पॅड भलत्याच जागी लावत होता. नुसता अंगठा वाकडा व्हायचा, पुष्पाबाई त्याला शिव्या द्यायच्या. पाचव्या दिवशी वंदनानं झाडू बाजूला ठेवला, त्याच्या हातातून पॅड घेतले, कोपराखाली बोटानं चाचपून बरोबर जागा शोधली आणि सासूसमोर बसली.

"उघडा," ती म्हणाली.

चार वर्षांत सासूशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

"आता तोंड फुटलं?"

"उघडा."

पुष्पाबाई भडकल्या. चार वर्षांचं साठलेलं सगळं बोलल्या. रेघ जागची हलली नाही, मूठ मात्र अशी आवळली की नखं तळव्यात रुतली. वंदनानं स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "पाहा. तुम्ही रागावल्या की हे असं होते. बोला अजून." पुढचे कित्येक दिवस तिला त्यातच समाधान होतं. सासूनं बोलायला तोंड उघडलं की ती स्क्रीन पुढे करायची. म्हातारी गप्प व्हायची, कारण तिला हात हवा होता. वंदनालाही तो हात हवा होता. हात चालला असता तर आंघोळ सुटली असती.

एका मंगळवारी पुष्पाबाईंना फार लागलं असावं. वंदना पॅड काढत असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "तुही माय मेली तवा पेरनी टाकून तुले जाऊ देलं नाही मी. बरं केलं. तिथं जाऊन तू काय करनार होती? उभीच राह्यली असती खांबावानी."

वंदनानं पॅड डबीत ठेवले. संध्याकाळी तिनं आकडा चौदावरून बाविसावर नेला. पुष्पाबाईंच्या खांद्यापर्यंत झटका गेला, डोळ्यांत पाणी आलं. वंदनानं साठ वेळा पुरे केले. बुधवारी तसंच. गुरुवारीही तसंच. शुक्रवारी तपासणीची तारीख होती.

समतानं पॅडखालची लाल झालेली कातडी पाहिली, डबी आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि बराच वेळ वाचत राहिली.

"मंगळवारच्या संध्याकाळपासून करंट बावीस हाये. मी चौदा लिहून देल्ला होता. कोनी वाढवला?"

हे यंत्र सगळं लिहून ठेवतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. भागवत बायकोकडे बघू लागला.

"मी वाढवला," वंदना म्हणाली.

"चुकून?"

"नाही."

पुष्पाबाईंनी सावकाश मान वळवली. "मले वाटलं मशीनच असं असते," त्या म्हणाल्या.

समतानं वंदनाला सगळ्यांसमोर झापलं. कातडी भाजली असती, पेशंटच्या मनात भीती बसली असती, मशीन आजच जमा करा म्हणाली. त्यावर पुष्पाबाईच बोलल्या. "मशीन नेऊ नको. अन् हे पॅड इलेच लावू दे. भागवतच्या हातानं काही होत नाही."

समतानं आकडा चौदावर बांधून दिला, कुणाला वाढवता येणार नाही असा. गाडी घाट उतरू लागली. मग मागच्या सीटवरून पुष्पाबाई म्हणाल्या, "जीव गेला असता माहा."

"घ्याचाच असता तर गोठ्यातच राहू देलं असतं," वंदना म्हणाली. भागवतनं गाणी लावली.

त्यानंतरचे चार महिने दोघी रोज दोनदा समोरासमोर बसल्या. गोड काही झालं नाही. पण वंदनानं एकही वेळ चुकवली नाही आणि पुष्पाबाईंनी एकदाही पुरे म्हटलं नाही. आधी मनगट उचलू लागलं. मग रेघ खुणेपलीकडे जाऊ लागली. मग एका सकाळी वंदनानं डबी चालू करायच्या आधीच बोटं उघडली. आपोआप, हळूहळू, करंगळी सोडून सगळी.

वंदना पाहायला पुढे वाकली. तिचा चेहरा हातभर अंतरावर आला होता. पुष्पाबाईंनी हात उचलला. खांदा थरथरत होता, कोपर पुरतं सुटत नव्हतं, तरी तो हात वर गेला आणि वंदनाच्या गालावर पडला. जोर नव्हता. ओल्या फडक्यासारखा लागला आणि खाली घसरला.

पुष्पाबाईंना धाप लागली होती.

वंदनानं गाल पुसला. पॅड काढले, वायर गुंडाळून डबीत ठेवली. मग मोबाईल काढून समताला फोन लावला. "मॅडम, हात उचलला. मशीनबिगर. खांद्याच्या वर." पलीकडून समतानं आनंदानं काहीतरी विचारलं. "माह्यावरच उचलला," वंदना म्हणाली, "नाही, लागलं नाही," आणि फोन ठेवला.

मग ती उठली. कोनाड्यातला कंगवा आणून पुष्पाबाईंच्या मांडीवर टाकला.

"माह्या तोंडापर्यंत पोचते, तर डोक्यापर्यंत बी पोचते. उद्यापासून वेनी तुमची तुम्ही घाला. आंघोळबी. मी पानी काढून देईन, आत येनार नाही."

"पडली मी तर?"

"आवाज देजा."

पुष्पाबाईंनी त्या दिवशी अर्धा तास कंगव्याशी झुंज घेतली. वेणी जमली नाही. केस कसेबसे गोळा करून त्यांनी मानेवर एक गाठ मारली, ती एका बाजूला लोंबत होती. वंदनानं पाहिलं आणि शेणाची पाटी उचलून बाहेर गेली. आंघोळ मात्र पंधरा दिवसांत त्यांना एकटीला जमू लागली. एकदा तांब्या निसटून पायावर पडला. त्यांनी आवाज दिला नाही.

मशीन परत करायला वंदना आणि भागवत गेले. तिथं मलकापूरचं एक कुटुंब बसलं होतं, नवऱ्याला महिन्यापूर्वी लकवा मारलेला. बायको पॅडकडे पाहूनच घाबरली होती. समतानं वंदनाकडे बोट केलं. "यांना विचारा. जागा यांना माझ्याएवढीच समजते. एक चूक केली होती, ती परत करनार नाहीत." वंदनाचा चेहरा उतरला, पण तिनं त्या बाईचा नंबर घेतला.

पुढच्या सोमवारी ती मलकापूरला जायला निघाली. पुष्पाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"लोकाईच्या घरी सेवा कराले चालली. इथं सयपाक कोन करन?"

वंदनानं चप्पल घातली. "तुम्ही करा."

"माह्यानं भाकर थापली जाते का?"

"नका थापू. खिचडी टाका."

ती गेली. संध्याकाळी भागवत शेतातून आला तेव्हा चुलीवर खिचडी होती. खाली लागलेली, मीठ दुप्पट, डाळीत एकदोन खडे. पुष्पाबाईंनी डाव्या हातानं खिचडीचा गंज टेकवून धरला आणि उजव्या हातानं वाढलं. भागवत मुकाट्यानं जेवला. "कशी झाली?" असं त्यांनी दोनदा विचारलं. तो "चांगली हाये" म्हणाला आणि पाणी पीत राहिला.