पाच घरची वाकळ

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असे मी म्हणणार नाही. आमचे घर शिवभक्तांचे. स्नान करून पूजेला बसल्याशिवाय मी आजवर चहाचा कप तोंडाला लावलेला नाही. परंतु त्या वर्षी मी देवाकडे मागणे बंद केले होते. केजच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली माझे टेबल आहे आणि अर्जनवीस म्हणून तालुक्यात माझे नाव आहे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले, तरी माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याचे धाडस कोणा कारकुनाने केल्याचे मला स्मरत नाही. त्या टेबलाने मला शिकवले होते की ज्या कचेरीत दोनदा अर्ज देऊनही उत्तर आले नाही, तिची पायरी तिसऱ्यांदा चढणे स्वाभिमानी माणसाला शोभत नाही. माझी एकुलती एक कन्या शकुंतला हिची दोन्ही बाळंतपणे आमच्या घरी झाली आणि दोन्ही बाळे पाळण्यात घालण्याआधीच गेली. दोन्ही वेळा मी महादेवापुढे बसून काकुळतीने मागितले होते. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा मी पूजा करीत होतो, बेल वाहत होतो, आणि एक अक्षर न बोलता उठत होतो.

या खेपेस जागा बदलून पाहावी, असे विहीणबाईंनी सुचवले. शकुंतलेचे सासर गेवराई तालुक्यात, तलवाड्याला. दिवाळी झाली की ती मंडळी गावातले घर बंद करून शेतातल्या आखाड्यावर राहायला जातात आणि ज्वारीची रास होईपर्यंत तिथेच नांदतात. दोन खोल्या, पुढे पडवी, भोवती तुरीचे रान. केजला डोंगरावरचा वारा हाडात शिरतो. गोदावरीच्या खोऱ्यात हिवाळा त्यामानाने सौम्य. बाळंतपण तिथेच करावे आणि माझ्या सौभाग्यवतींनी हिवाळाभर लेकीजवळ राहावे, असे ठरले.

आता आमच्याकडची एक रीत सांगणे आवश्यक आहे. जिची लेकरे जगत नाहीत, तिच्या बाळाच्या अंगाला पहिले कापड नवे लावत नाहीत. ज्या घरची सगळी लेकरे जगली आहेत अशा पाच घरांतून कापडाचा एकेक तुकडा मागून आणायचा आणि त्या तुकड्यांची वाकळ शिवायची. ज्या घरचा तुकडा, त्या घरच्या बाईने तो स्वतःच्या हाताने, धावदोरा घालून वाकळेला जोडायचा. आणि मागायचे कोणी, तर बाळाच्या आईच्या बापाने, खांद्यावरचे उपरणे पसरून. ज्याला देवाने दिलेले टिकले नाही, त्याने माणसांपुढे हात पसरावा, म्हणजे देवाला लाज वाटते, असे जुन्या बाया सांगतात.

मी लोकांची मागणी कागदावर मांडून देतो. स्वतः मागण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला होता. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी, शेजारच्या गंगाबाईंकडे जाताना, मी रीतसर मजकूर तयार करून नेला. त्यांच्या ओसरीवर उभे राहून वाचू लागलो, ‘मेहेरबान गंगाबाई यांचे सेवेशी, अर्जदार विनंतीपूर्वक सादर करतो की...’

गंगाबाई सहा लेकरांची आई आणि तोंडाने फटकळ. त्या म्हणाल्या, “भाऊजी, कापड देऊ का ह्याच्यावर अंगठा करू?”

घरातल्या सुना पदर तोंडाला लावून हसल्या. सौभाग्यवतींनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. “कावून लोकांला हसवायलेत? उपरणं पसरा अन् तोंडानं मागा.”

मी उपरणे धरले, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिले आणि “एक तुकडा द्यावा” इतकेच पुटपुटलो. गंगाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा टाकला आणि तिथेच बसून जोडला. आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरीही मी तसेच उरकले. रात्री सौभाग्यवतींनी माझ्या जुन्या मऊ धोतराच्या घड्या खाली लावून वाकळेची बैठक नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदच्या जीपमधून आम्ही निघालो. रशीद केजचाच. त्याच्या परवान्याचे कागद मीच केलेले असल्याने त्याने त्या दिवशी दुसरी सवारी घेतली नाही. जीपच्या फटींतून वारा येत होता. तो म्हणाला, “काका, गाडीला काच न्हाई, पन काकूच्या मांडीवर वाकळ हाय. तेवढीच ऊब.” रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीला आली होती, करडई हिरवीगार होती आणि दूर बालाघाटाच्या रांगा एकीमागे एक, निळ्या होत गेलेल्या. मी आयुष्यभर या रस्त्याने एस.टी.तून जिल्ह्याच्या कामाला गेलो. परंतु बगलेत कागदांची पिशवी असताना माणूस डोंगर पाहत नाही.

नेकनूरला सौभाग्यवतींची मावसबहीण राहते. तिने आम्हाला बसवले, भाकरी-पिठले केले, आणि मी उपरणे पसरून पुटपुटताच कानावर हात ठेवला. “ऐकू न्हाई आलं दाजी. कचेरीत तर लई मोठ्यानं बोलताव म्हनं.” मला दोनदा मागावे लागले. मग तिने नवऱ्याच्या लाल पटक्याचा तुकडा फाडला आणि दोघी बहिणी उन्हात पाय पसरून शिवत बसल्या. त्या माहेरच्या कोणा म्हाताऱ्याची नक्कल करून हसत होत्या. कित्येक महिन्यांनी मी माझ्या घरच्या माणसाचे हसणे ऐकले आणि मला घाई करवली नाही.

तिथून लिंबागणेश. आधी देवदर्शन घेतले. गाभाऱ्यासमोर सौभाग्यवती बराच वेळ कपाळ टेकून होत्या. मी हात जोडले, परंतु मनातही शब्द उच्चारला नाही. देवळामागेच त्यांची आत्या राहते, तिने चौथा तुकडा दिला. वाकळेची तीन अंगे बंद झाली. आता एक घर आणि एक कड राहिली. पाचवे घर बीडला, सौभाग्यवतींच्या थोरल्या बहिणीचे. ती माणसे मोठी व्यापारी, घरात आठ लेकरे, आणि मागण्याला साजेसे घर म्हणून मी ते मुद्दाम शेवटी ठेवले होते.

त्या काळात गावोगावी फोनची बूथ नुकतीच लागली होती. लिंबागणेशच्याच बसस्थानकाजवळच्या बूथवरून मी तलवाड्याच्या किराणा दुकानात फोन लावला. दिवस भरायला अवकाश होता, त्यामुळे मी केवळ पोहोचण्याची वेळ कळवणार होतो. दुकानदार पलीकडून ओरडूनच बोलला, “सकाळधरनं पोटात दुखायलंय पोरीच्या. सिस्टरबाई आल्यात. तुमी लवकर निघा.”

सौभाग्यवतींना सांगितले तेव्हा त्यांनी मांडीवरची वाकळ घट्ट धरली. बीडला गल्लीत शिरायचे, बहिणीने चहापाणी करायचे, तुकडा काढायचा, शिवायचा, यात दुपार सरणार. न थांबावे तर वाकळ उघडी राहणार. “चार घरची वाकळ अन् उघडी कड,” त्या म्हणाल्या, “तसल्यात लेकरू गुंडाळायचं न्हाई. अन् त्याच्याबगर दुसरं कापडबी लावायचं न्हाई.” मी रशीदला गाडी काढायला सांगितले.

मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या वळणावर जीपच्या तोंडातून वाफ आली. पाण्याचा पाइप फाटला होता. रशीदने गाडी कडेला घेतली. आमच्याजवळ पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या. खाली बीडकडचा मुलूख उन्हात पसरलेला, सीताफळाची झुडपे कड्यापर्यंत गेलेली, वाऱ्याने पिवळे गवत लोळत होते. इतक्या सुंदर जागी मला इतके असहाय कधी वाटले नव्हते.

त्याच वळणावर घाट चढून आलेला एक ट्रॅक्टर इंजिन निववत उभा होता. मागे दोन ट्रॉल्या. ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघालेली. ट्रॉलीत चुलीची मडकी, कोयते, कोंबड्यांचे खुराडे, कडब्याच्या पेंढ्या आणि त्यावर बसलेली माणसे. त्यांच्यातल्या दोघांनी न बोलावता येऊन रशीदला पाण्याची घागर दिली आणि पाइप बांधायला सायकलच्या ट्यूबची पट्टी शोधू लागले. एक तिशीची बाई खाली उतरून सौभाग्यवतींजवळ बसली.

“मावशी, कुनाचं हाय एवढंसं?” तिने वाकळेला हात लावून विचारले.

सौभाग्यवतींनी सगळे सांगितले. दोन बाळे, चार घरे, फोन. बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, “माझी चार हायेत. चारीबी जित्ती हायेत, देवाच्या दयेनं.” ट्रॉलीत, कडब्यावर, एकाला एक चिकटून ती झोपली होती.

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेचा अर्थ मला कळला, आणि मी खाली मुलखाकडे पाहू लागलो. मनात आले, रीतीत घर म्हटले आहे. हिचे घर तर कुलूप लावून मागे राहिले आणि पुढे कारखान्यावर उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडीच. ती बाई जणू ते वाचूनच बोलली, “घर इचाराल तर ह्या ट्रॉलीतच हाय बगा आमचं. चूलबी हितंच अन् लेकरंबी हितंच.”

अशी माणसे माझ्या टेबलासमोर उकिडवी बसतात. मी विचारतो आणि ती उत्तर देतात. त्या वळणावर ट्रॅक्टरवरची सगळी टोळी पाहत होती. मी उपरणे खांद्यावरून काढले, दोन्ही हातांनी पसरले, आणि बोलण्यासाठी तोंड उघडले तेव्हा माझ्या ठेवणीतला एकही शब्द आला नाही. “माय,” मी म्हणालो, “माझ्या लेकीचं लेकरू जगू दे. एक तुकडा दे.” मी कोणाला सांगत होतो, त्या बाईला की आणखी कोणाला, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही नक्की सांगता येत नाही.

कोणी हसले नाही. बाई ट्रॉलीवर चढली. तिच्याजवळ फाडण्याजोगे जुने लुगडे नव्हते. अंगावरचे एक आणि वाळत घातलेले एक. तिने लेकरांच्या अंगावरच्या वाकळेचा कोपरा ओढला आणि कोयत्याने हातभर तुकडा कापून घेतला.

सौभाग्यवती कळवळल्या. “अगं, थंडी सुरू झाली. लेकरं कशात निजतील?”

“पाय आकडून निजतील,” ती सहज म्हणाली. “आनी सुई कुठंय? द्या हिकडं.”

रस्त्याकडेच्या दगडावर बसून तिने तो निळसर, धुऊन धुऊन विटलेला तुकडा शेवटच्या जागी बसवला. कड बंद करता करता थांबली, फडक्यातली भाकरी काढली, एक कोर मोडून आत सरकवली आणि मग शेवटचे टाके घातले. “वाकळ उपाशी धाडू नये, मावशी. उपाशी वाकळंत ऊब ऱ्हात न्हाई.” दाताने दोरा तोडून तिने वाकळ माझ्या उपरण्यात टाकली. एवढ्यात रशीदने इंजिन चालू करून हाक मारली, “चला काका! अर्ज मंजूर!” टोळीतली माणसे हसली आणि मीही हसलो. निघताना लक्षात आले नाही, बीड मागे पडल्यावर लक्षात आले, की मी तिचे नाव-गाव विचारले नव्हते. माझ्या धंद्यात पहिली ओळ तीच असते.

तलवाड्याच्या आखाड्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला होता. सौभाग्यवती वाकळ घेऊन आत गेल्या आणि दार लोटले गेले. मी व्याह्यांजवळ पडवीत बसलो. त्यांनी तंबाखू पुढे केली. मी ती हातात धरून ठेवली. आतून शकुंतलेचा आवाज आला, मग थांबला. मग जे ऐकू यायला हवे होते ते आलेच नाही. सिस्टरबाई काहीतरी भराभर बोलत होत्या. विहीणबाई बाहेर आल्या, पाणी घेतले आणि माझ्याकडे न पाहता आत गेल्या. ती शांतता मला ओळखीची होती. मी डोळे मिटले आणि माझे दोन्ही हात आपोआप मांडीवर उघडे पडले. मागितले असे म्हणता येणार नाही. काही शब्द नव्हते. केवळ हात उघडे होते.

मग बाळ रडले. आधी मांजरासारखे, बारीक. मग चांगले खणखणीत. व्याही उठून उभे राहिले आणि गोठ्याकडे तोंड करून डोळे पुसू लागले.

नंतर सिस्टरबाईंनी मला समजावून सांगितले. मुलगी झाली होती; जन्मली ती निळी पडलेली, श्वास धरत नव्हती. वाकळेत गुंडाळून पाठ चोळली, अंगात ऊब आली आणि श्वास सुरू झाला. पुष्कळदा असे होते. त्या शिकलेल्या आहेत आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. सौभाग्यवती सांगतात की निळा तुकडा छातीवर आला तेव्हा लेकराने तोंड उघडले. त्या समोर होत्या, मी पडवीत होतो. दोन्ही साक्षींत विरोध आहे असे मला वाटत नाही, आणि निकाल देण्याचा मला अधिकारही नाही.

मागणे म्हणजे कमीपणा, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. परंतु ज्याचा मजकूर आपण स्वतः ठरवतो, ते मागणे पुरते मागणे नव्हेच. त्यात आपला मानही गुपचूप जोडलेला असतो. तो मान त्या घाटात माझ्या हातून सुटला. देवाने सोडवला, असे मी मानतो. मी तयार होऊन तिथे गेलो नव्हतो. मला तिथे आणून उभे केले गेले, आणि देणारी आधीच येऊन थांबलेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आखाड्यावर थंडी चांगलीच होती. विहिरीवर स्नान करून मी तुरीच्या बांधाशी पूजेला बसलो. आत नात झोपली होती; तिच्यासाठी मागायला काही उरले नव्हते. तरी मी हात पसरले. पश्चिमेकडे कोणत्या तरी कारखान्याच्या माळावर ती टोळी त्या वेळी कोप्या उभारत असेल. चार लेकरे एका कापलेल्या वाकळेखाली पाय आखडून निजली असतील. मी म्हणालो, देवा, त्या कोपऱ्यातून थंडीला आत शिरू देऊ नकोस. आणि या खेपेस उत्तराची वाट न पाहता, निवांत मनाने, तिथेच बसून राहिलो.